‘उपचारास अपात्र’ : व्यक्तिमत्त्व विकार आणि ब्रिटनमधील सार्वजनिक मानसिक आरोग्यसेवा

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राच्या इतिहासात एखाद्या रोगावर उपचार सापडला नाही म्हणून रुग्णाचे हाल झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु रोगाचे नाव कळताच दवाखान्याचे दार बंद व्हावे, असा प्रकार क्वचितच आढळतो. व्यक्तिमत्त्व विकाराच्या बाबतीत ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके हेच घडले. वारंवार स्वतःला इजा करून घेणारी, नातेसंबंध टिकवू न शकणारी, क्षणात टोकाच्या भावनेच्या आहारी जाणारी व्यक्ती अपघात विभागात येई. जखमेला टाके पडत. आणि मनोविकारतज्ज्ञांकडून ‘हा आजार नाही, हा स्वभाव आहे’ असे उत्तर मिळून ती परत जाई. तुरुंग, निवारागृह, दारूमुक्ती केंद्र आणि अपघात विभाग यांच्यात फिरणारी ही माणसे कोणाचेच रुग्ण नव्हती.

प्रस्तुत लेखात या परिस्थितीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. व्यक्तिमत्त्व विकार ‘उपचारास अपात्र’ ठरला तो उपचाराचे ज्ञान नव्हते म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या स्थापनेपूर्वीच अशा रुग्णांवर उपचार करणारी एक संस्था लंडनच्या परिसरात उभी राहिली होती, आणि तिने साठ वर्षे काम केले. तेव्हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नव्हता; तो व्याख्येचा, कायद्याचा आणि संस्था टिकवण्याच्या इच्छेचा होता, हे येथे दाखवावयाचे आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. या संकल्पनेसाठी मराठीत ‘व्यक्तिमत्त्व विकृती’ आणि ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असे दोन्ही शब्द रूढ आहेत. ‘विकृत’ हा शब्द मराठीत निदान राहत नाही, तो निवाडा होतो. ‘विकार’ या शब्दात मात्र बदलाची आणि शमनाची शक्यता शिल्लक राहते. म्हणून या लेखात दुसरा शब्द स्वीकारला आहे. शब्दांमागची हीच ओढाताण पुढील इतिहासातही दिसून येईल.

संकल्पनेचा उगम : वैद्यक आणि नीती यांच्या सीमेवर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील फिलिप पिनेल यांनी बुद्धिभ्रम नसलेल्या उन्मादाचे वर्णन केले. ज्याची विचारशक्ती शाबूत आहे, पण ज्याचे आवेग त्याच्या ताब्यात नाहीत, अशा माणसाला वेडा म्हणावे काय, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. १८३५ मध्ये ब्रिस्टल येथील वैद्य जेम्स प्रिचर्ड यांनी ‘नैतिक वेड’ ही संज्ञा रूढ केली. त्यांच्या मनातील ‘नैतिक’ या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षा व्यापक होता. भावना, वृत्ती आणि स्वभाव हे सर्व त्यात येत असे. पण शब्दाने आपले काम केले. आजाराच्या वर्णनात दोषारोप मिसळला, तो पुढे कधीच पूर्णपणे वेगळा झाला नाही.

इंग्लंडमधील १९१३ च्या मतिमंदत्वविषयक कायद्यात ‘नैतिकदृष्ट्या जडबुद्धी’ असा एक वर्ग निर्माण करण्यात आला. लहानपणापासून ज्यांच्यात दुर्वर्तनाची प्रबळ प्रवृत्ती आहे आणि शिक्षेचा ज्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही, अशांना या वर्गात घालून संस्थेत डांबून ठेवता येत असे. येथे उपचाराचा विचार नव्हता. समाजापासून वेगळे ठेवण्याचा होता. जर्मनीत १९२३ मध्ये कुर्ट श्नायडर यांनी असामान्य व्यक्तिमत्त्वांचे वर्गीकरण मांडताना, ज्या व्यक्ती आपल्या स्वभावामुळे स्वतः दुःख भोगतात किंवा समाजाला भोगायला लावतात, अशी दुहेरी कसोटी ठेवली. या कसोटीतील पहिला भाग, म्हणजे स्वतःचे दुःख, सार्वजनिक धोरणाने दीर्घकाळ दुर्लक्षिला. दुसऱ्या भागावरच कायदे रचले गेले.

१९३९ मध्ये स्कॉटिश मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड हेंडरसन यांचा ‘सायकोपॅथिक स्टेट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी आक्रमक, निष्क्रिय आणि सर्जनशील असे तीन प्रकार मानले. सर्जनशील प्रकारात त्यांनी जोन ऑफ आर्क आणि टी. ई. लॉरेन्स यांची उदाहरणे दिली. आज हे वर्गीकरण कोणी वापरत नाही. परंतु अशा माणसांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहू नये, हा त्यांचा आग्रह महत्त्वाचा होता. पुढे त्यांचेच नाव एका रुग्णालयाला मिळाले.

युद्धकाळ आणि उपचार-समुदायाचा जन्म

दुसऱ्या महायुद्धाने ब्रिटिश मनोविकारशास्त्रापुढे एक व्यावहारिक अडचण उभी केली. सैनिक हजारोंनी खचत होते आणि एकेका रुग्णाला वेळ देणारे तज्ज्ञ मोजके होते. उत्तर लंडनमधील मिल हिल येथे मॅक्सवेल जोन्स हे डॉक्टर, हृदयात दोष नसतानाही छातीत धडधड आणि थकवा यांनी त्रस्त झालेल्या सैनिकांच्या विभागाचे काम पाहत होते. लक्षणांमागील शरीरक्रिया समजावून देण्यासाठी त्यांनी सामूहिक व्याख्याने सुरू केली. लवकरच एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. जुने रुग्ण नव्या रुग्णांना जे समजावून देत, त्याचा परिणाम डॉक्टरांच्या बोलण्याहून अधिक होत होता. त्याच सुमारास बर्मिंगहॅमजवळील नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयात बायॉन, रिकमन, फूक्स आणि टॉम मेन यांचे गटोपचाराचे प्रयोग चालू होते. ‘उपचार-समुदाय’ ही संज्ञा मेन यांनी १९४६ मध्ये मांडली.

१९४७ मध्ये जोन्स यांच्याकडे सरे परगण्यातील बेल्मॉन्ट रुग्णालयात एक नवा विभाग सोपवण्यात आला. त्याचे मूळ नाव ‘औद्योगिक मज्जाविकृती विभाग’ असे होते आणि दीर्घकाळ बेरोजगार राहिलेल्या, कामात टिकू न शकणाऱ्या लोकांचे पुनर्वसन हा त्याचा उद्देश होता. पुढील वर्षी, ५ जुलै १९४८ रोजी, राष्ट्रीय आरोग्य सेवा अस्तित्वात आली. १९५९ मध्ये या विभागाला ‘हेंडरसन रुग्णालय’ हे नाव मिळाले. ज्यांना आज आपण व्यक्तिमत्त्व विकाराचे रुग्ण म्हणू, तेच तेथे प्रामुख्याने येऊ लागले होते.

या रुग्णालयाची रीत समजून घेणे आवश्यक आहे. प्रवेश पूर्णपणे ऐच्छिक होता. उत्तरकाळात तेथे २९ निवासी राहत आणि मुक्कामाची कमाल मर्यादा एक वर्षाची असे. मनावर परिणाम करणारी औषधे दिली जात नसत. रोज सकाळी सव्वानऊला सर्व निवासी आणि कर्मचारी यांची सभा भरे. नव्या रुग्णाला प्रवेश द्यावा की नाही आणि नियम मोडणाऱ्याने राहावे की जावे, यावर निवासी स्वतः मतदान करीत. रात्री कोणी स्वतःच्या हातावर वार केले, तर त्याचा परिणाम बरोबरीच्यांवर काय झाला हे त्याला सभेत ऐकावे लागे. अपमानास्पद शिक्षा नाही आणि मुकाट दुर्लक्षही नाही, असा हा मधला मार्ग होता.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट रॅपोपोर्ट यांनी १९५० च्या दशकात या विभागाचा अभ्यास करून १९६० मध्ये ‘कम्युनिटी अ‍ॅज डॉक्टर’ हा ग्रंथ लिहिला. लोकशाही, सहनशीलता, सामूहिकता आणि वास्तवाचा सामना ही चार तत्त्वे त्यांनी तेथे पाहिली. मात्र त्यांनी स्तुतिपाठ गायिला नाही. समुदायाशी जुळवून घेण्यास शिकलेला माणूस बाहेरच्या जगाशी जुळवून घेईलच असे नाही, ही त्यांची टीका मूलभूत होती. उपचार आणि पुनर्वसन यांतील हे अंतर पुढील सर्व प्रयोगांना छळत राहिले.

कायद्याचे दार : १९५९ आणि १९८३

एकीकडे हा प्रयोग चालू असताना इंग्लंड व वेल्ससाठीच्या कायद्याने दुसरी वाट धरली. लॉर्ड पर्सी यांच्या अध्यक्षतेखालील राजकीय आयोगाच्या (१९५४–५७) शिफारशींवरून १९५९ चा मानसिक आरोग्य कायदा झाला आणि ‘मनोविकृती विकार’ हा शब्दप्रयोग इंग्लिश कायद्यात प्रथमच आला. मनाचा असा चिरस्थायी विकार, की ज्यामुळे असामान्य आक्रमक किंवा अत्यंत बेजबाबदार वर्तन घडते आणि ज्याला वैद्यकीय उपचाराची गरज आहे किंवा तो लागू पडू शकतो, अशी त्याची व्याख्या होती. केवळ स्वैर लैंगिक वर्तन वा अनैतिक आचरण यावरून कोणाला या वर्गात घालता येणार नाही, असेही कायद्याने स्पष्ट केले. १९१३ च्या तुलनेत ही निश्चित प्रगती होती.

तथापि या व्याख्येत एक चक्राकार युक्तिवाद दडला होता. आजार वर्तनावरून ओळखायचा आणि वर्तनाचे कारण म्हणून पुन्हा त्याच आजाराकडे बोट दाखवायचे, असा तो प्रकार होता. रुग्णाच्या आतील वेदनेला व्याख्येत स्थान नव्हते.

१९८३ च्या कायद्याने आणखी एक अट घातली. या वर्गातील व्यक्तीला सक्तीच्या उपचारासाठी दाखल करायचे, तर उपचाराने तिची स्थिती सुधारेल किंवा निदान खालावणार नाही, असा संभव असला पाहिजे. ही ‘उपचारक्षमतेची कसोटी’ म्हणून ओळखली गेली. तिचा हेतू उदार होता; उपचाराच्या नावाखाली कोणाला केवळ कोंडून ठेवू नये, हा तो हेतू. परंतु सक्तीच्या दाखल्यासाठी केलेली ही कसोटी व्यवहारात सर्वच सेवांची सबब झाली. ‘उपचार लागू पडत नाही’ एवढे वाक्य लिहिले, की स्वेच्छेने मदत मागणाऱ्यालाही परत पाठवता येऊ लागले. नागरिकाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करणारे कलम त्याच्या उपेक्षेचे साधन झाले.

नावडते रुग्ण

या उपेक्षेला केवळ कायदा जबाबदार नव्हता. टॉम मेन यांनी १९५७ मध्ये ‘द एलमेंट’ या निबंधात रुग्णालयातील एका विलक्षण अनुभवाचे विश्लेषण केले होते. काही रुग्णांच्या बाबतीत कर्मचाऱ्यांमध्ये उभी फूट पडते. काही जण त्यांच्यासाठी जिवाचे रान करतात, इतरांना ते सहकारी भाबडे वाटतात, आणि अखेर सर्वच जण थकून रुग्णावर रोष काढतात. मेन यांचे म्हणणे असे, की रुग्णाइतकीच कर्मचाऱ्यांची भावनाही अभ्यासाचा विषय झाली पाहिजे. हेंडरसनमधील रोजच्या सभा आणि त्यानंतरची कर्मचाऱ्यांची चर्चा यांमुळे तसा अवकाश मिळत असे. सामान्य मनोरुग्णालयात तो नव्हता.

त्याचा परिणाम १९८८ मध्ये ल्यूइस आणि अ‍ॅपलबी यांच्या अभ्यासात उघड झाला. मनोविकारतज्ज्ञांना एका रुग्णाचा वृत्तान्त वाचावयास दिला होता. काही प्रतींमध्ये त्या रुग्णाचे पूर्वी व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान झाल्याचा उल्लेख होता, इतरांत नव्हता. उल्लेख असलेला रुग्ण तज्ज्ञांना अधिक त्रासदायक, लक्ष वेधून घेणारा, कावेबाज आणि सेवेस कमी पात्र वाटला. आत्महत्येचे त्याचे विचार त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहेत, असेही मानण्याकडे कल दिसला. हे निदान नसून निंदेचा शब्द झाला आहे, तेव्हा तो टाकून द्यावा, असा निष्कर्ष लेखकांनी काढला. जखमेपेक्षा जखमेवरचे लेबल डॉक्टरांच्या निर्णयाला वळण देत होते, हे यातून सिद्ध झाले.

उपचारांचा पुरावा

याच काळात पुराव्याची बाजू मात्र बदलत होती. १९९१ मध्ये अमेरिकेतील मार्शा लिनेहन यांनी स्वतःला वारंवार इजा करणाऱ्या, बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या स्त्रियांवरील ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ची तौलनिक चाचणी प्रसिद्ध केली. एक वर्षाच्या उपचारात इजेचे प्रकार आणि रुग्णालयातील दिवस घटले. उपचार लागू पडत नाही, हे विधान त्यानंतर सरसकट करता येण्यासारखे राहिले नाही.

ब्रिटनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग उत्तर लंडनमधील सेंट अ‍ॅन्स रुग्णालयाच्या हॅलिविक दिवस-विभागात झाला. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी आपल्या व दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे याचे भान वाढवणारी उपचारपद्धती विकसित केली. तिला ‘मेंटलायझेशन’वर आधारित उपचार म्हणतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ३८ रुग्ण होते आणि उपचाराचा कमाल कालावधी १८ महिन्यांचा होता. हे काम सार्वजनिक सेवेतच झाले. उपचार करणारे मुख्यतः मनोविकार परिचारक-परिचारिका होते. त्यांच्याजवळ मानसोपचाराची औपचारिक पदवी नव्हती. २००८ मध्ये आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष आले. आत्महत्येचे प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण उपचार-गटात २३ टक्के, तर नेहमीच्या सेवा घेतलेल्या गटात ७४ टक्के आढळले. तरीही रोजगार आणि सामाजिक जीवन यांत अनेकांच्या अडचणी कायम होत्या. रॅपोपोर्ट यांनी दाखवलेले अंतर येथेही पूर्ण बुजले नव्हते.

त्यानंतरच्या चाचण्यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. २००९ मध्ये बेटमन आणि फोनागी यांनी १३४ बाह्यरुग्णांवर आपल्या पद्धतीची तुलना सुसूत्र, नियमित पण साध्या वैद्यकीय व्यवस्थापनाशी केली. त्यांच्या पद्धतीचा लाभ अधिक दिसला, परंतु दुसऱ्या गटातही लक्षणीय सुधारणा झाली. त्याच वर्षी टोरांटो येथे १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत लिनेहन यांची पद्धती आणि सुसूत्र मनोविकार-सेवा यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. दोन्ही गट सुधारले. याचा अर्थ असा घेता येईल, की ठरलेली वेळ, ठरलेली व्यक्ती, संकटाच्या प्रसंगी काय करायचे याची आगाऊ आखणी आणि कर्मचाऱ्यांना परस्परांचा आधार, या गोष्टींतच उपचाराचा मोठा भाग सामावलेला आहे. हे दुर्मिळ कौशल्य नाही. हे संस्थेचे सातत्य आहे.

विकार आयुष्यभर तसाच राहतो, या गृहीतकालाही धक्का बसला. बॉस्टनजवळील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनारिनी आणि सहकाऱ्यांनी २९० रुग्णांचा दहा वर्षे मागोवा घेतला. ९३ टक्के रुग्णांत किमान दोन वर्षे टिकलेला लक्षणांचा उपशम आढळला. मात्र चांगले सामाजिक व व्यावसायिक जीवन प्राप्त झालेले सुमारे निम्मेच होते.

दोन धोरणे, दोन चेहरे

१९९६ मध्ये केंट परगण्यात एका मायलेकीची हत्या झाली. या गुन्ह्यासाठी १९९८ मध्ये दोषी ठरवल्या गेलेल्या व्यक्तीचा मानसिक आरोग्यसेवांशी पूर्वी संबंध आला होता, हे समजताच ‘उपचारक्षमते’च्या कसोटीवर राजकीय वादळ उठले. १९९९ मध्ये गृह व आरोग्य खात्यांनी ‘तीव्र व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या धोकादायक व्यक्तीं’विषयी प्रस्ताव मांडले. व्हाइटमूर व फ्रँकलँड हे तुरुंग आणि ब्रॉडमूर व रॅम्प्टन ही अतिसुरक्षित रुग्णालये यांत विशेष विभाग उभारण्यात आले. गुन्हा घडण्यापूर्वीच धोक्याच्या अंदाजावरून बंदिवास घडवण्यास अनेक मनोविकारतज्ज्ञांनी तीव्र विरोध केला. २००७ च्या कायद्याने ‘मनोविकृती विकार’ हा वर्ग आणि उपचारक्षमतेची कसोटी दोन्ही रद्द केली. त्याऐवजी ‘योग्य उपचार उपलब्ध असणे’ ही अट आली. २०११ पासून ती विशेष योजनाही बदलून तुरुंग आणि परिवीक्षा सेवा यांच्यावर आधारलेला नवा उपचारमार्ग सुरू झाला.

दुसरे धोरण कमी गाजले, पण अधिक लोकांशी संबंधित होते. जानेवारी २००३ मध्ये इंग्लंडमधील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने एक मार्गदर्शक दस्तऐवज काढला. व्यक्तिमत्त्व विकार हे यापुढे वगळण्याचे निदान राहणार नाही, हेच त्याच्या शीर्षकाचे प्रतिपादन होते. त्यातील पाहणीनुसार सेवा पुरवणाऱ्या न्यासांपैकी केवळ १७ टक्क्यांकडे या विकारासाठी स्वतंत्र सेवा होती. त्यानंतर ११ प्रायोगिक सामुदायिक सेवा सुरू झाल्या. जानेवारी २००९ मधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी निदानामुळे किंवा स्वतःला इजा केल्यामुळे कोणालाही सेवेतून वगळू नये, असे बजावले. आणि बॉर्डरलाइन विकारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत, असेही सांगितले. २०१५ च्या पाहणीत स्वतंत्र सेवा असलेल्या संस्थांचे प्रमाण ८४ टक्क्यांवर गेले होते. त्या सेवा सर्वांना सारख्या सुलभ नव्हत्या, हेही त्याच पाहणीने नोंदवले.

हेंडरसनचा शेवट

या प्रगतीच्या मध्यावर, २००८ मध्ये, हेंडरसन रुग्णालय बंद झाले.

त्यामागे उपचार निष्फळ ठरल्याचा निष्कर्ष नव्हता. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेथील २४ रुग्णांवरील खर्च मोजला गेला होता. दाखल होण्यापूर्वीच्या वर्षी आरोग्यसेवा व तुरुंग यांवर दर रुग्णामागे सरासरी सुमारे १४ हजार पौंड खर्च झाले होते; उपचारानंतरच्या वर्षी हा आकडा सुमारे १,३०० पौंडांवर आला. रुग्णसंख्या लहान होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तरीही शासनाने त्यावर विश्वास ठेवून बर्मिंगहॅम आणि क्रू येथे त्याच धर्तीच्या संस्था काढल्या होत्या.

बदलली ती निधीची पद्धत. मध्यवर्ती निधी जाऊन, प्रत्येक रुग्णाचा खर्च त्याच्या भागातील स्थानिक आरोग्य संस्थेने उचलायचा, अशी व्यवस्था आली. दूरच्या निवासी संस्थेत वर्षभर रुग्ण ठेवणे स्थानिक अंदाजपत्रकाला महाग वाटे. वाचणारा पैसा तुरुंगाचा वा अपघात विभागाचा असे, आणि तो त्या अंदाजपत्रकात दिसत नसे. रुग्ण येणे घटले, खाटा रिकाम्या राहिल्या आणि रिकाम्या खाटा हेच बंद करण्याचे कारण झाले. वगळण्याचे धोरण कागदावर संपले, त्यानंतर पाचच वर्षांनी न वगळणारी सर्वांत जुनी संस्था नाहीशी झाली.

समारोप

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने व्यक्तिमत्त्व विकाराचे जुने प्रकार मोडीत काढले. आता सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा श्रेणी आहेत. गुणविशेष आणि ‘बॉर्डरलाइन’ रूप यांची जोड ऐच्छिक आहे. तीव्रता काळानुसार बदलू शकते, हे त्यात गृहीत आहे. हे निदानच रद्द करावे, अशी मागणी काही रुग्ण आणि व्यावसायिक करतात. लहानपणी झालेल्या अत्याचाराचे परिणाम भोगणाऱ्या माणसाला ‘तुझे व्यक्तिमत्त्वच सदोष’ असे सांगणे अन्यायाचे आहे, हा त्यांचा युक्तिवाद दुर्लक्षण्यासारखा नाही. परंतु इतिहास एक सावधगिरीही शिकवतो. १८३५ पासून नावे अनेकदा बदलली आणि प्रत्येक नव्या नावाला जुन्या नावाची निंदा चिकटली. नाव बदलणे आवश्यक असेल. पुरेसे मात्र नाही.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा, की उपचारक्षमता हा केवळ रुग्णाचा गुण नाही. तो रुग्ण आणि सेवा यांच्यातील संबंधाचा गुण आहे. ज्याच्या आयुष्यातून माणसे वारंवार निघून गेली, त्याच्यावर उपचार करणारी संस्थाही दर काही वर्षांनी निघून जात असेल, तर विकाराचेच प्रतिबिंब व्यवस्थेत उमटते. मिल हिलच्या व्याख्यानकक्षापासून हॅलिविकच्या गटापर्यंत जेथे जेथे यश आले, तेथे कोणीतरी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, न कंटाळता हजर राहिले होते. ‘उपचारास अपात्र’ हा शेरा यापुढे कोणत्याही सार्वजनिक सेवेत लिहिला गेला, तर अपात्र कोण, रुग्ण की सेवा, हे तपासूनच तो वाचावा लागेल.